तेल प्यायलेली जमीन

गॅरेजच्या जमिनीला काय लावायचं यावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालं, तेवढं माझं लग्न ठरवतानाही झालं नसेल. येणारा-जाणारा खाली वाकायचा, सिमेंटवर नख ओढून बघायचा आणि आपलं मत सांगायचा. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, या लोकांना दुसरं काम नाही. पण आमचं सगळं त्या जमिनीवर येऊन अडलं होतं.

यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळीच गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा गल्लीतल्या माणसांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. आमचं घर उस्मानपुऱ्यात. खाली पुढच्या बाजूला गॅरेज आणि जिन्याखाली मोरी, मागं भाडेकरू, वर आम्ही. वरच्या खोल्या लहान, प्रत्येक दाराला उंबरा, पलंग आणि कपाट यांच्या मधून एक माणूस आडवा होऊन जाणार. तिथं हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. मोठ्या आवाजात बोलायच्या, कुणाची भीड ठेवायच्या नाहीत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला दाराबाहेर बोलावून सांगितलं.

"काकू, काका चालू शकतात. पायात जीव आहे अजून. पण इथं नाही. मला सरळ, सपाट जागा पाहिजे, वॉकर घेऊन जाऊन परत येता येईल एवढी. आणि आत्ता पाहिजे. पहिले दोन-तीन महिने काय होईल ते होईल. नंतर पाय जिथं आहे तिथंच राहतो."

सरळ, सपाट जागा घरात एकच होती. गॅरेज. यांचा पलंगही तिथंच टाकायचं ठरलं.

यांनी जन्मभर जीप चालवली. पाहुणे घेऊन वेरूळ, अजिंठा, खुलताबाद. हे दवाखान्यात होते तेव्हाच मुलानं जीप विकली होती, त्यामुळं जागा रिकामी होती. पण जीप गेली तरी तिचं तेल तिथंच होतं. तिच्या पोटातून कायम तेल गळायचं. हे खाली पत्रा सरकवून ठेवायचे, पण गळती एकीकडं आणि पत्रा दुसरीकडं, असंच नेहमी असायचं. जमिनीच्या मधोमध काळा डाग पडला होता, परातीएवढा, आणि त्याच्या भोवती लहान-मोठे ठिपके. बाकीचं सिमेंट झिजून त्याची भुकटी उडायची.

एकदा आम्ही यांना तसंच खाली उतरवून उभं करून बघितलं. वॉकरच्या पायांना खाली रबर असतं. ते रबर डागावर आलं आणि वॉकर पुढं सरकला. व्यायामाच्या बाईंनी यांना कमरेत धरलं म्हणून पडले नाहीत. पण यांचं तोंड पांढरंफटक झालं. घाटात ज्यांनी कधी ब्रेक दाबताना ओठ आवळले नाहीत, त्यांचं.

"आधी जमीन नीट करा," बाई म्हणाल्या. "मग मला बोलवा."

मी धुवायला घेतली. सोडा टाकून गरम पाणी ओतलं, राख चोळली, सुतारवाड्यातून भुसा आणून दिवसभर पसरून ठेवला. धुतली की जमीन करडी, स्वच्छ दिसायची. दुपारी वाळली की काळा डाग पुन्हा वर यायचा, कुणी खालून ढकलल्यासारखा. माझी नखं काळी झाली, डाग तसाच. वरून हे आवाज करायचे. शब्द नसायचा, नुसता आवाज. मी ओले हात घेऊन जिना चढायचे, यांना कुशीवर वळवायचे आणि परत खाली यायचे.

मग मतं सुरू झाली. भाडेकरू म्हणाला, प्लास्टिकची मॅट अंथरा, रोल मिळतो. बाई म्हणाल्या, कडा वळतात, वॉकर अडकेल. महालक्ष्म्यांसाठी आठवडाभर आधीच पिशोरहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई म्हणाल्या, शहाबादी फरशी टाका, पिढ्यान् पिढ्या टिकते. गवंडी येऊन बघून गेला. फरशी टाकली तर जमीन वर येणार, शटर खाली बसणार नाही, मोरीशी पायरी होणार. शिवाय त्याच्या हातात दिवाळीपर्यंत काम होतं.

मुलगा वाळूजला कंपनीत आहे. त्याच्या मनात एकच गोष्ट होती.

"इपॉक्सी," तो म्हणाला. "जमिनीवर घट्ट बसणाऱ्या रंगाची जाड कोटिंग. आमच्या कंपनीच्या शॉपमध्ये तीच आहे. वरून फोर्कलिफ्ट जाते, लोखंड पडतं, ऑइल सांडतं, ओरखडा नाही. बाबांच्या पायानं काय होणार?"

"म्हंजे कंपनीतली जमीन घरात आणतो व्हय?" नणंदबाई म्हणाल्या.

"आत्या, टिकाऊ पाहिजे ना?"

"टिकाऊ तर तुझी आई पण हाये. तिला इचारलं का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. लहानपणापासून नाही. चौथीत बाई कविता म्हणायला उभं करायच्या तेव्हा पाठ असलेली कविताही माझ्या घशातून बाहेर यायची नाही, आणि पाचवीला कुणी पाठवलं नाही, त्यामुळं ती सवय मोडायची राहूनच गेली. मी म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते." आणि चहा ठेवायला आत गेले.

पण मुलानं मोबाइलवर त्यांच्या शॉपचा फोटो दाखवला होता. जमीन अशी चमकत होती की वरचे दिवे तिच्यात दिसत होते. माहेरी आमची जमीन शेणानं सारवलेली होती. तिच्यावर पाय ठेवला की जमीन पाय धरून ठेवायची. पाणी सांडलं तरी पोरं घसरत नसत. त्या चमकणाऱ्या जमिनीवर ओढत चालणारा पाय मला दिसायला लागला, आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

शेवटी मी एकटीच रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार यांच्या ओळखीचे. जीपला लावायचा रंग हे त्यांच्याकडूनच घ्यायचे. मी डब्यांच्या मागं उभी राहिले. त्यांनीच बघितलं.

"भाभी? आओ, आओ. उस्ताद कैसे हैं अब?"

"बरे आहेत," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "पाय घसरू नये असं काही आहे का?"

"क्या बोले? जोरसे बोलो भाभी, कान कमती है मेरा."

मला पुन्हा म्हणावं लागलं. दुकानात दोन रंगारी बसले होते, त्यांनीही ऐकलं. पण कुणी हसलं नाही. दुकानदारांनी स्टूल दिलं आणि मराठीत समजावून सांगितलं. साधा फ्लोअरचा लाल रंग आहे, स्वस्त, पण एका पावसात पापुद्रे निघतात. बिनरंगाचं एक पाण्यासारखं औषध येतं, ते सिमेंटच्या आत मुरतं, वरून काही राहत नाही म्हणून निघतही नाही.

"पण तुमची जमीन काय मुरवून घेणार? तिचं पोट आधीच भरलंय. वो जमीन तेल पीयेली है भाभी." ते पुढं वाकले. "सच्ची बात बोलू? वरचा थर फोडून काढायचा, दोन इंच नवं काँक्रीट टाकायचं, महिनाभर पाणी मारायचं, मग महिनाभर सुकू द्यायचं. मग काय पाहिजे ते लावा. नातवंडांपर्यंत बघायला नको."

"दोन महिने?"

"चांगल्या कामाला टाइम लागतो."

मी बोटांवर महिने मोजायला लागले. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांनाच उमगलं असावं.

"इपॉक्सीच लावा," ते म्हणाले. "मुलगा बोलतो ते बराबर आहे. डागाच्या जागी टाचे मारून घ्या, अ‍ॅसिडनं धुवा. आणि रंगाचा शेवटचा हात देताना बारीक रेती टाकायला सांगतो. खरबरीत होईल. घसरणार नाही."

रेतीचं मी घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, ही लई भारी आयडिया आहे." मला बरं वाटलं, ते लपवायला मी भांडी घासायला बसले.

कारागीर आला. छिन्नी-हातोडीनं त्यानं डागाच्या जागी टाचे मारले, म्हणजे बारीक खड्डे पाडले, रंगाला धरायला जागा व्हावी म्हणून. अ‍ॅसिड टाकलं तेव्हा जमीन फसफसली. पण डागावर मात्र फेस आला नाही. कारागिरानं ते बघितलं, मीही बघितलं. तो म्हणाला, "अजून एकदा मारतो." दुसऱ्यांदा थोडा फेस आला. मग दोन डब्यांतलं औषध एकत्र ढवळून त्यानं पहिला हात दिला, दुसऱ्या दिवशी रेतीचा. करड्या रंगाची जमीन झाली. डाग, ठिपके, भुकटी, काहीच राहिलं नाही. हे जन्मभर जिथं गाडी लावत होते ती जागा ओळखू येईना.

"आता आठ-दहा दिवस कुलूप," कारागीर म्हणाला. "वरून लवकर वाळते, आतून पिकायला वेळ लागतो. पाणी नको, गरम काही नको. घाई नको."

घाई नको म्हणणं त्याला सोपं होतं. वर पायाची बोटं आत वळायला लागली होती. मी रोज तेल लावून ती सरळ करायचे, सोडली की परत वळायची.

गणपती उठायला चार-दोन दिवस राहिले होते. नणंदबाई गावी परत गेल्या नव्हत्या, भावाला चालताना बघूनच जाणार होत्या. त्यांनी पंचांग काढलं.

"पितर लागायलेत," त्या म्हणाल्या. "पितरात नवीन जागेत पाय ठेवू नाय. आजारी माणसानं तर नायच नाय. त्याच्या आत दूध उतू घाला आन् माझ्या भावाला खाली आणा."

मुलगा म्हणाला, "आत्या, गॅरेजला कशाला दूध उतू घालायचं? नवीन घर आहे का ते?"

"माणूस राहायला येनार, म्हंजे घरच. कोरड्या जागेत माणूस निजवतेत का?"

"कोटिंग पिकली नाही अजून. वरून वाळलीय, आतून कच्ची आहे."

"भाकरी हाये का ती, आतून कच्ची राहायला?"

"भाकरीसारखंच समज."

"मग बरंच हाये. गोवरीच्या आचंनं भाजंल."

मुलगासुद्धा हसला. पण त्यानं कारागिराला फोन लावला, त्यानं उचलला नाही. दुकानदाराला लावला. ते म्हणाले, पाय ठेवायला हरकत नाही, पाणी नको, आग नको. नणंदबाई म्हणाल्या, आग जमिनीवर थोडीच ठेवायची, खाली विटा ठेवू. थांबायचं म्हटलं तर पंधरा दिवस पितरांचे थांबायचे होते. बाईंनी सांगितलेल्या दोन-तीन महिन्यांतून तेवढे कुठून काढायचे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. व्यायामाच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला जमिनीतलं कळत नाही, पायातलं कळतं. पंधरा दिवस गेले तर मी हमी देत नाही."

म्हणून मग दूध उतू घातलं. जागेच्या मधोमध, कारण मध्यावरच घालतात. विटा, विटांवर घमेलं, घमेल्यात गोवऱ्या, वर दुधाचं बोळकं. मी खाली परात ठेवली होती. नणंदबाईंनी ती बाजूला केली.

"परातीत सांडलं तर ते उतू गेलं कसं? जमिनीला लागाया पायजे, वहिनी. जमिनीलाच द्यायचं असतं ते."

दूध वर आलं, बोळक्याच्या काठावरून फसफसत गोवऱ्यांवर पडलं आणि विटांच्या कडेनं उगवतीकडं वाहिलं. उगवतीकडं वाहिलं म्हणून नणंदबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलानं लगेच फडक्यानं पुसून घेतलं. विटा काढल्या तेव्हा जमीन हाताला ऊन लागत होती, एवढंच. दिसायला काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी पलंग खाली लावला आणि यांना आणलं. शटर वर केलं. समोरची गल्ली दिसायला लागली, सायकली, भाजीची गाडी, शेजारची माणसं. हे पलंगावर बसून बघत राहिले. मग दुसऱ्या दिवशी बाईंनी उभं केलं, आणि हे चालले.

त्या दिवसांबद्दल मला नीट लिहिता येत नाही. थोडेच दिवस होते. वॉकर उचलायचा, पुढं ठेवायचा, डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा. उजव्या पायाचा रेतीवर आवाज यायचा, खर्रर्र. मी वर स्वयंपाकघरात असले तरी तो आवाज ऐकू यायचा, आणि मी पोळी तव्यावर ठेवून थांबायचे. गल्लीतून कुणी हाक मारायचं, "काय उस्ताद, कुठं निघाली सवारी?" हे अर्ध्या तोंडानं हसायचे. एकदा यांनी शटरपाशी उभं राहून डाव्या हातानं गाडीला वळण घ्यायला सांगतात तशी खूण केली. खरंच एक टेम्पो मागं येत होता. टेम्पोवाल्यानं ती खूण बघून गाडी वळवली.

मध्यभागी जमीन दुधाळ झालेली मी पुसताना बघितली. नुसता पांढुरका गोल. नख लावलं तर मऊ लागलं. मुलाला दाखवलं. तो म्हणाला, कारागिराला बोलावतो, तोपर्यंत बाबांना कडेनं चालवा. आम्ही कडेनं चालवत होतो. पण हे जन्मभर रस्त्याच्या मधोमध गाडी चालवलेले. वॉकर वळून वळून मध्यावरच यायचा.

त्या सकाळी बाईच होत्या सोबत. मी मोरीत होते. खर्रर्र आवाज येत होता, आणि मग थांबला. मी बाहेर आले तेव्हा हे कुशीवर पडले होते, आणि बाई त्यांचं डोकं धरून खाली बसल्या होत्या. पांढुरक्या गोलाची कड वर आली होती. ओढत येणारा अंगठा तिच्यात अडकला होता. कातडं सोलून निघावं तसा इपॉक्सीचा एक तुकडा उलटा झाला होता, खालून तेलकट, आणि त्याच्या जागी जमिनीवर तोच काळा डाग.

हाड मोडलं नाही. फोटो काढला, सगळं नीट होतं. डॉक्टर म्हणाले, नशीब.

पुढं काही दिवस घरात भांडण होतं. मुलगा म्हणाला, दूध. नणंदबाई म्हणाल्या, दुधानं कधी कुणाचं वाईट झालं का, कंपनीतलं इष घरात ओतलं म्हून झालं. दुकानदार येऊन बघून गेले आणि म्हणाले, तेल. कारागीर म्हणाला, घाई. प्रत्येकाचं बरोबर होतं. नणंदबाई पितर संपायच्या आत गावी गेल्या. जाताना भावाच्या पायावर डोकं ठेवून बसल्या. मोठ्या बहिणीनं लहान भावाच्या पायावर डोकं ठेवलेलं मी तेव्हाच बघितलं.

कारागिरानं तेवढा भाग कापून काढला, खोल फोडला, पार काळं संपेपर्यंत, आणि नवीन भरला. या वेळी कुणी घाई केली नाही. कशासाठी करायची? ती जागा आता दगडासारखी झाली आहे. हात फिरवला तर सांधासुद्धा कळत नाही. मुलगा म्हणतो ते खरं आहे, ती खरोखर टिकाऊ आहे.

हे मात्र उभे राहिले नाहीत. बाई रोज यायच्या. वॉकर समोर ठेवायच्या, कमरेत हात घालायच्या. हे डाव्या हातानं पलंगाची कड अशी धरायचे की बोटं पांढरी पडायची. बाई रागावल्या, लाडीगोडी लावली, जमिनीवर पाय आपटून दाखवला, "बघा काका, पक्की आहे, मी उडी मारते." त्यांनी खरंच उडी मारली. यांनी मान फिरवली. भीती होती असं बाई म्हणायच्या. मला तसं वाटत नाही. भ्यालेल्या माणसाचं तोंड मी वॉकर सरकला त्या दिवशी बघितलं होतं. हे वेगळं होतं. त्यांनी ठरवून टाकलं होतं.

महिने गेले. बोटं वळली ती मग तेल लावूनही सरळ होईनात. बाईंनी एक दिवस मला बाहेर बोलावलं, पहिल्यासारखंच, पण आवाज मोठा नव्हता. "काकू, मी येते ते तुम्ही म्हणता म्हणून. यांचं मन नाही." मी म्हणाले, "या तरी अधूनमधून." त्या दोन-तीनदा आल्या.

मी रोज संध्याकाळी शटर वर करून विचारायचे, "उठता का?" मोठ्यानं विचारायची सवय नव्हती, पण शिकले. गल्लीतलं कुणीतरी ऐकेल एवढ्या आवाजात विचारायचे. हे गल्लीकडं बघत राहायचे.

एका रविवारी मुलगा दारात उभा राहिला. त्याच्या कंपनीतल्या एका माणसाच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणत होते, लगेच चालवा. त्याला वॉकर पाहिजे होता. मुलगा ते मला सांगत होता, हळू आवाजात. पण हे ऐकत होते.

यांनी डावा हात उचलला आणि भिंतीला लावलेल्या वॉकरकडं बोट दाखवलं. मग ते बोट शटरच्या बाहेर गल्लीकडं नेलं. ने.

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी वाटेतून बाजूला सरले. त्यानं वॉकर उचलला, दुमडला आणि मोटारसायकलला आडवा बांधून घेऊन गेला. ऊन यांच्या तोंडावर येत होतं, म्हणून मी शटर अर्ध्यावर ओढलं.